खुब्याचा सांधा बदलल्यावर जांघेत कळ येते आणि एक्स-रे मात्र ‘नॉर्मल’: अशा वेळी काय तपासायचं, काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं वय ६४. पाच महिन्यांपूर्वी उजव्या खुब्याचा पूर्ण सांधा बदलला, टाके मागच्या बाजूने. पहिले दोन महिने छान गेले, वॉकर सुटला, काठीही सुटली. तिसऱ्या महिन्यापासून रिक्षात चढताना, पलंगावर पाय घेताना, जिन्याच्या पायरीवर पाऊल उचलताना जांघेत जोराची कळ येते. सपाट रस्त्यावर हळू चालताना फारसा त्रास नाही, रात्री झोप लागते, ताप नाही. एक्स-रे काढून ‘सांधा व्यवस्थित आहे’ असं सांगितलं गेलं. पाय सरळ उचलण्याचा व्यायाम रोज चालू आहे. नातेवाईक म्हणतात, सांधा बिघडला. आता काय करावं?

तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. मधला काही काळ दुखणं नव्हतं. स्वस्थ पडल्यावर दुखत नाही. आणि दुखतं ते पाय स्वतःच्या ताकदीने उचलताना, त्यावर भार देताना नव्हे. सांधा सैल झाला असेल किंवा आत जंतुसंसर्ग असेल तर चित्र सहसा वेगळं दिसतं. या वर्णनावरून पहिला संशय जातो तो सोआस नावाच्या स्नायूच्या कंडऱ्यावर (टेंडनवर). पण हा अंदाज आहे, निदान नाही. तो पक्का करायला काही तपासण्या लागतील, आणि त्यातली एक बहुधा अजून झालेलीच नाही.

आधी हा स्नायू काय करतो ते बघू. सोआस कंबरेच्या मणक्यांपासून निघतो, ओटीपोटातून खाली येतो, वाटेत इलिअ‍ॅकस हा दुसरा स्नायू त्याला मिळतो आणि दोघांचा एकत्र कंडरा खुब्याच्या सांध्याच्या अगदी समोरून जाऊन मांडीच्या हाडाला आतल्या बाजूला चिकटतो. बसलेल्या स्थितीतून मांडी वर उचलायची तर मुख्य काम यानेच करायचं असतं. सांधा बदलताना मांडीच्या हाडात वर गोळा असलेला दांडा आणि तो गोळा फिरण्यासाठी कटीच्या हाडात धातूची वाटी बसवतात. तिची पुढची कड हाडाच्या आत राहिली तर काही बिघडत नाही. ती हाडाबाहेर काही मिलिमीटर डोकावत असेल, तर प्रत्येक वेळी पाय उचलताना कंडरा त्या कडेवर घासतो, विहिरीच्या काठावर दोर घासावा तसा. वाटी गरजेपेक्षा मोठ्या मापाची बसली, तिचं तोंड पुढे वळायला हवं होतं तितकं वळलं नाही, वाटी पक्की करणारा स्क्रू पुढून बाहेर आला, सिमेंटचा तुकडा राहिला किंवा पाय थोडा लांब झाल्याने स्नायू ताणला गेला, अशी कारणं असतात. कधी कधी यातलं काहीच नसतं. ऑपरेशनआधी वर्षानुवर्षं लंगडत चालल्याने स्नायू आखडलेला आणि कमजोर झालेला असतो. ऑपरेशननंतर माणूस उत्साहाने चालायला लागतो, व्यायाम वाढवतो आणि कंडरा सुजतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणं सुरू होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

आता त्या ‘नॉर्मल’ एक्स-रेविषयी. बहुतेक ठिकाणी समोरून घेतलेला एकच फोटो काढतात. त्यात वाटीचा कोन, दांडा, सांध्याची जागा दिसते. पण वाटीची पुढची कड हाडाबाहेर आहे का, हे समोरून घेतलेल्या फोटोत कळत नाही. त्यासाठी बाजूने घेतलेला ‘क्रॉस-टेबल लॅटरल’ फोटो लागतो: रुग्ण पाठीवर झोपलेला, चांगला पाय वर धरलेला आणि किरण आडवे सोडलेले. सर्जनकडून चिठ्ठीवर हेच नाव लिहून घ्या, कारण नुसतं ‘लॅटरल’ लिहिलं तर एक्स-रेवाला पाय बाहेर वळवून फोटो काढतो आणि तो इथे पुरेसा नसतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेला पहिला एक्स-रे शोधून सोबत न्या. आजचा फोटो एकटा बघण्यापेक्षा दोन्ही शेजारी ठेवून वाटी किंवा दांडा हलला आहे का हे बघणं जास्त उपयोगाचं असतं. डिस्चार्जच्या कागदांत इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावर वाटीचं आणि गोळ्याचं माप छापलेलं असतं. आईच्या मूळ हाडाच्या गोळ्यापेक्षा वाटी ६ मिमीहून जास्त मोठी असेल, तर सोआसच्या दुखण्याचा संशय बळावतो. मूळ गोळ्याचं माप जुन्या एक्स-रेवरून किंवा दुसऱ्या बाजूच्या खुब्यावरून काढता येतं.

घरी करून बघण्यासारखी एक साधी चाचणी आहे. आईंना पाठीवर झोपवा. तुम्ही एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेखाली धरून पाय हळूच उचला, गुडघा वाकवत मांडी साधारण ६० अंशांपर्यंत आणा. त्यांनी पाय पूर्ण सैल सोडायचा. ९० अंशांच्या पुढे जायचं नाही आणि गुडघा आतल्या बाजूला वळवायचा नाही, कारण मागून ऑपरेशन झालेल्यांचा सांधा त्याच स्थितीत निसटतो. मग पाय खाली ठेवा आणि तीच हालचाल त्यांना स्वतः करायला सांगा. तुम्ही उचलताना दुखलं नाही आणि स्वतः उचलताना जांघेत कळ आली, तर दुखणं उचलणाऱ्या स्नायूचं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वेळा सारखंच दुखलं, किंवा मांडी थोडी आतबाहेर फिरवतानाही दुखलं, तर सांध्याच्या आतलं काही असू शकतं. मग घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

जांघेत दुखण्याची बाकीची कारणं

जांघ ही अडचणीची जागा आहे. सांधा, कंडरे, पोटाची भिंत, कंबरेच्या नसा, रक्तवाहिन्या, मूत्रमार्ग या सगळ्यांची दुखणी तिथे येऊन मिळतात. सांधा नुकताच बदललेला असला की घरच्यांचं आणि कधी डॉक्टरांचंही लक्ष सांध्यापलीकडे जात नाही.

वाटी सैल असेल तर दुखणं जांघेत, दांडा सैल असेल तर मांडीच्या मधोमध, असा ढोबळ नियम आहे. सैल सांध्याचं दुखणं ओळखण्याची खूण म्हणजे खुर्चीतून उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं फार दुखतात, मग जरा सुसह्य होतं आणि बरंच चालल्यावर पुन्हा वाढतं. भार टाकला की दुखतं, भार काढला की थांबतं. सिमेंटशिवाय बसवलेल्या वाटीत हाड धरायला काही आठवडे ते काही महिने लागतात. ते धरलंच नाही तर पायावर भार देतानाचं दुखणं पहिल्यापासून मागे लागलेलं असतं.

जंतुसंसर्गाची भीती सगळ्यांनाच असते आणि ती रास्त आहे. पण प्रत्येक वेळी ताप येतोच असं नाही. सावकाश वाढणाऱ्या संसर्गात ताप नसतो, जखम बाहेरून भरलेली असते, फक्त दुखणं कधी थांबलेलं नसतं आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. ऑपरेशननंतर जखम बरेच दिवस ओली राहिली होती का, पुन्हा टाके घालावे लागले का, मधुमेह आटोक्यात होता का, हे आठवून सर्जनला सांगा. पाच महिन्यांनी इतर काही आजार नसेल तर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल व्हायला हवा. तो १० मिग्रॅ प्रति लिटरच्या वर किंवा ईएसआर (तशीच दुसरी रक्ततपासणी) ३० च्या वर असेल तर पुढची पायरी म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासणं. त्यात पांढऱ्या पेशी ३,००० हून जास्त किंवा त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ८० टक्क्यांच्या वर असतील तर संसर्ग धरूनच चालावं लागतं. इथे एक गोष्ट निक्षून सांगतो: पाणी काढण्याआधी ‘बघू तर’ म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स करू नका. गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, दबतात, आणि मग कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. घेतलेल्या असतील तर दोन आठवडे बंद ठेवून मग पाणी काढतात. अर्थात माणूस तापाने फणफणलेला असेल तर हा हिशेब नाही, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय.

चालणं अचानक वाढवलेल्या, हाडं ठिसूळ असलेल्या बायकांमध्ये जांघेजवळच्या प्युबिक हाडाला बारीक तडा जातो. वर्षानुवर्षं घरात बसलेली बाई ऑपरेशननंतर महिन्या-दोन महिन्यांत रोज तासभर चालू लागली की हे घडू शकतं. संधिवातासाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. दुखणं एखाद्या दिवशी एकदम सुरू होतं, जांघेच्या आतल्या हाडावर बोटाने दाबलं की नेमकं दुखतं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत काही दिसत नाही. पुन्हा वॉकर घेऊन सहा ते आठ आठवडे भार कमी ठेवला की बहुतेक वेळा तडा भरतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, पण ६०,००० युनिटची पुडी ठरलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यायची असते. ती वर्षभर दर रविवारी घेणारे बरेच भेटतात, त्यांचं कॅल्शियम वाढून भलतंच काही होतं.

हर्निया म्हणजे अंतर्गळ विसरू नका. खोकताना, शौचाला जोर करताना जांघेत फुगवटा येतो का, झोपल्यावर तो आत जातो का, हे उभं राहून बघायचं. बायकांमध्ये मांडीच्या मुळाशी येणारा छोटा हर्निया सहज नजरेतून सुटतो. फुगवटा कडक झाला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या तर तातडी आहे. त्याच जागी दुखरी गाठ हाताला लागली तर तिला घरात अवधाण म्हणतात. पायाला जखम, नखुरडं, चिखल्या असतील तर ती येते. एरवी दुर्लक्ष केलं तरी चालेल असं हे दुखणं, पण शरीरात कृत्रिम सांधा असताना पायाची जखम पिकू देणं परवडत नाही.

कंबरेच्या वरच्या मणक्यांतली नस दबली तरी जांघेत आणि मांडीच्या पुढच्या बाजूला दुखतं. त्यात मुंग्या, बधिरपणा, बराच वेळ उभं राहिल्यावर वाढणं, पुढे वाकल्यावर बरं वाटणं असतं. पुढून ऑपरेशन झालेल्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आणि जळजळ होते. ती त्वचेच्या नसेची असते, महिन्यांनी कमी होते, तिचा सांध्याशी संबंध नसतो. लघवीला जळजळ, मुतखडा, बायकांच्या ओटीपोटातली दुखणी याही बाजूने दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

थांबायचं नाही अशी लक्षणं: पाय एकदम आखूड आणि आत वळलेला दिसणं, पायावर अजिबात उभं राहता न येणं, जखमेतून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप, पोटरी किंवा अख्खा पाय सुजून घट्ट होणं, दम लागणं. यातलं काहीही असलं तर व्यायाम, शेक, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट हे सगळं बाजूला ठेवून रुग्णालय गाठा.

सोआसच असेल तर पहिले तीन आठवडे

सगळ्यात आधी पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम बंद करा. खुब्याच्या ऑपरेशननंतर आपल्याकडे हा व्यायाम जवळजवळ प्रत्येकाला दिला जातो, कारण गुडघ्याच्या ऑपरेशनचा तक्ता तसाच पुढे वापरला जातो. गुडघ्याच्या रुग्णाला तो चालतो. खुब्यात मात्र अख्ख्या पायाचं वजन लांबून पेलायचं ओझं सोआसवर पडतं, आणि सुजलेल्या कंडऱ्याला दिवसातून तीस-चाळीस वेळा तेच करायला लावलं तर दुखणं कधीच बसणार नाही. उभं राहून गुडघा छातीकडे उचलणं आणि सीट खाली असलेली सायकल हीदेखील सध्या नको.

पाय उचलायचा असेल तेव्हा हाताची मदत घ्या. जुनी सुती ओढणी किंवा उपरणं घ्या, सुमारे दोन मीटर लांब. तळव्याच्या मधून फासा घाला, दोन्ही टोकं हातात धरा, पलंगाच्या कडेवर बसून पाय ओढणीने उचलून वर घ्या. चांगल्या पायाचा घोटा खाली अडकवून दुखरा पाय उचलायची सवय बऱ्याच जणांना लागते. मागून ऑपरेशन झालेल्यांनी ती टाळावी, कारण त्यात पाय एकमेकांवर येतात.

रिक्षात आपण डावीकडून चढतो, म्हणजे तोंड पुढे करून चढताना आधी उजवा पाय आत टाकावा लागतो. आईंचा नेमका तोच पाय ऑपरेशनचा. म्हणून रिक्षा फुटपाथच्या कडेला घ्यायला सांगा, पाठ आत करून आधी सीटच्या कडेवर टेका, दांडी धरून मागे सरका, मग हाताने मांडीखाली आधार देत दोन्ही पाय आत घ्या. शरीर आणि पाय एकत्र वळवायचे, कंबरेतून पिळायचं नाही. मोटारीतही हाच क्रम, सीट आधी पूर्ण मागे सरकवून आणि पाठ थोडी कलती करून. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, कठडा धरायचा.

काठी सुटली याचा घरच्यांना आनंद झालेला असतो, पण तीन-चार आठवड्यांसाठी ती परत घ्या, डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध. उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ हवी. पावलं छोटी ठेवा. लांब पाऊल टाकलं की मागे राहिलेल्या पायाच्या जांघेत कंडरा ताणला जाऊन वाटीच्या कडेवर दाबतो. म्हणूनच हळू चालताना आईंना त्रास कमी आणि लगबगीत जास्त होत असणार. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चालणं पुरे, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. सलग अर्ध्या तासाहून जास्त बसू नये. खुर्ची गुडघ्याच्या मागच्या घडीपेक्षा दोन इंच उंच हवी. प्लॅस्टिकची नेहमीची खुर्ची आणि दिवाण बहुतेकांना ठेंगणे पडतात, खाली घट्ट उशी घाला. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, देशी शौचकूप याबाबत सर्जनने घातलेली बंधनं जांघेचं दुखणं थांबलं तरी तशीच राहतात.

व्यायाम पूर्ण थांबवू नका. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी कमजोर होतो. या टप्प्यात तीन गोष्टी पुरतात.

उंच खुर्चीवर ताठ बसा. तळहात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर. मांडी वर उचलायचा प्रयत्न करा आणि हाताने ती तिथेच दाबून धरा, म्हणजे हालचाल होणार नाही. ताकद फक्त पाव लावायची. ३० सेकंद धरा, ३० सेकंद सोडा, असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर.

पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवा, पावलं गादीवर टेकवा, नितंब आवळून कंबर उचला, पाच सेकंद धरा, सावकाश खाली. दहा वेळा, दोन फेऱ्या. नितंबाचे स्नायू कमजोर असले की चालताना सोआसला नको ती कामं करावी लागतात, म्हणून हा व्यायाम दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

डाव्या कुशीवर झोपून गुडघ्यांत दोन उशा ठेवा आणि उजवा पाय उशीवरून १५ सेंटीमीटर वर उचला. टाच किंचित मागे आणि गुडघ्याचं तोंड समोर हवं, खाली वळता कामा नये. आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. पाय पुढे सरकला की जांघेतला स्नायू मध्ये पडतो आणि कळ येते. तसं झालं तर पाठीमागे भिंत घ्या आणि टाच भिंतीवरून घासत वर न्या.

दुखणं मोजायचं कसं? शून्य ते दहामध्ये व्यायामाच्या वेळी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा जास्त नको. सकाळी जास्त असेल तर कालचा डोस जास्त झाला, निम्मा करा.

तीन आठवड्यांनंतर

दैनंदिन कळ निम्म्यावर आली की सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम सुरू करायचा. ओट्याला धरून उभं राहा, ओढणीच्या मदतीने उजवी मांडी साधारण ६० अंशांपर्यंत वर घ्या, ओढणी ढिली करा आणि पाय स्वतःच्या ताकदीने चार-पाच सेकंदांत खाली सोडा. आठ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवस आड. उचलताना मदत, सोडताना स्वतः, हेच यातलं मर्म आहे. लोक ओढणी कंटाळवाणी म्हणून सोडून देतात आणि मग दुखणं परत येतं.

ताणण्याचा व्यायाम इथे जोडा, आधी नाही. पलंगावर पाठीवर झोपा, उजवा पाय सरळ सपाट ठेवा आणि डावा गुडघा छातीकडे ओढा. उजव्या जांघेत हलका ताण जाणवेल. २० ते ३० सेकंद, तीन वेळा. इथे वाकतो तो चांगला खुबा, त्यामुळे मागून ऑपरेशन झालेल्यांनाही हे चालतं. पुढून ऑपरेशन झालं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय करू नका, कारण अशा सांध्याला पाय मागे जाण्याचीच बंधनं असतात. कळ येईपर्यंत ताणणारे बरेच असतात. सुजलेला कंडरा धातूच्या कडेवर दाबून ताणण्यात काहीच फायदा नाही.

सहाव्या आठवड्यापासून १० सेंटीमीटरच्या पाटावर चढ-उतार, जमलं की नेहमीची पायरी, मग पावलाला थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) लावून मांडी उचलणं: दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. एकूण तीन महिने प्रामाणिकपणे द्यावे लागतात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून फिजिओ बदलणारे दर वेळी शून्यापासून सुरुवात करतात.

गोळ्या, शेक, मालिश

बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, व्यायामानंतर. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिग्रॅ, गरज पडली तर दिवसातून तीनदा, यकृताचा त्रास नसेल तर सुरक्षित. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पाच-सात दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांना विचारूनच, कारण या वयात मूत्रपिंड, रक्तदाब, पोटातला अल्सर यांचा विचार करावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेडिकलमधून परस्पर आणूच नका. बाजारातल्या बऱ्याच एसिक्लोफेनॅकच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ आधीच मिसळलेलं असतं. वर वेगळं पॅरासिटामॉल घेतलं की नकळत दुप्पट होतं.

जांघेत खोल मालिश नको. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. आणि झटका देऊन ‘नस मोकळी’ करणाऱ्याकडे कृत्रिम सांधा घेऊन जाऊ नये. एका झटक्यात सांधा निखळू शकतो.

पाय लांब झाल्यासारखा वाटत असेल तर लगेच चपलेत उंची घालू नका. आखडलेल्या स्नायूंमुळे कटी तिरकी झालेली असते आणि तीन ते सहा महिन्यांत हा भास बऱ्याच जणांत कमी होतो. सहा महिन्यांनंतरही राहिला तर दोन्ही पायांची लांबी मोजून ठरवतात.

तीन महिन्यांत बसलं नाही तर

पुढची पायरी म्हणजे सोनोग्राफीत बघत कंडऱ्याभोवतीच्या आवरणात भूल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन. याचे दोन उपयोग. स्टिरॉइडने सूज उतरते, आणि भुलीने निदान पक्कं होतं. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने आईंना खुर्चीत बसून पाय उचलायला सांगा, जिन्याच्या दोन पायऱ्या चढायला सांगा आणि पुढचे चार-सहा तास दर तासाला दुखण्याचा शून्य ते दहामधला आकडा वहीत लिहा. भुलीचा असर असताना कळ जवळपास नाहीशी झाली तर दोषी कंडराच. हा कागद स्टिरॉइडच्या परिणामापेक्षाही महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लिहिला जात नाही, घरी येऊन माणूस झोपतो. इंजेक्शन कंडऱ्याभोवती द्यायचं असतं, कृत्रिम सांध्याच्या आत स्टिरॉइड देत नाहीत, आणि संसर्ग नाही याची खात्री आधी करून घेतात. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढेल, रोज तपासा.

एक-दोन इंजेक्शनांनी आराम टिकला नाही तर सीटी स्कॅन काढून वाटीची कड हाडाबाहेर किती आहे हे मोजतात. इथून पुढचा निर्णय बराचसा त्या आकड्यावर असतो. कड बाहेर नसेल किंवा थोडीच, म्हणजे ८ मिमीपेक्षा कमी बाहेर असेल, तर दुर्बिणीतून कंडरा कापून सैल करण्याचं छोटं ऑपरेशन बहुतेकांना पुरतं. ८ मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर कंडरा कापून आराम मिळण्याची खात्री कमी होते आणि वाटी बदलण्याचा विचार येतो. वाटी बदलणं मोठं ऑपरेशन आहे, त्यात सांधा निसटण्याचा आणि संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त. म्हणून निदान भुलीच्या इंजेक्शनने पक्कं झालेलं नसताना, नुसत्या दुखण्यावर वाटी बदलायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. कंडरा सैल केल्यावर बसून मांडी उचलण्याची ताकद सुरुवातीला कमी होते, मोटारीत बसताना पाय हाताने उचलावा लागतो. पुढच्या काही महिन्यांत बाकीचे स्नायू ते काम बरंचसं उचलतात.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या दोन वेगळ्या प्रकारच्या रुग्णांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांना वरचा तीन महिन्यांचा कार्यक्रम लागू नाही.

पहिला, घरात पडून खुब्याचं हाड मोडलेले वयस्कर, ज्यांना ‘अर्धा सांधा’ म्हणजे बायपोलर किंवा जुन्या पद्धतीचा ऑस्टिन मूर गोळा बसवलेला असतो. त्यांच्यात धातूची वाटी नसतेच. धातूचा गोळा त्यांच्या मूळ हाडाच्या खोबणीत, कूर्चेवर फिरतो. जास्त चालणाऱ्या माणसात ती कूर्चा वर्षांनुवर्षं झिजते आणि जांघेत, भार दिल्यावर, दुखू लागतं. व्यायामाने ती परत येत नाही. माणूस तब्येतीने ठीक असेल तर अर्ध्या सांध्याचा पूर्ण सांधा करणं हाच उपाय. घरच्यांना बहुधा आपल्याकडे कोणता सांधा बसवलाय हेच माहीत नसतं, कागद बघा.

दुसरा, ज्यांच्या सांध्यात गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये डीप्यू कंपनीने आपले एएसआर सांधे जगभरातून परत मागवले. भारतातही ते बसवले गेले होते. धातूवर धातू घासून बारीक कण सुटतात, आजूबाजूचे स्नायू खराब होतात, जांघेत पाण्याची किंवा घट्ट गाठ तयार होते आणि एक्स-रे बराच काळ चांगला दिसतो. अशांनी रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासावं. लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमच्या वरचा आकडा आला तर धातूची सावली कमी करणाऱ्या खास पद्धतीने एमआरआय करतात. दुखत नसलं तरी त्यांनी वर्षातून एकदा सर्जनला दाखवत राहावं.